ऑक्टोबरच्या उकाड्यात धावताना : वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला, ऊन तापलं आणि पत्रांचा सूर बदलला. गेल्या महिन्यात बहुतेकांनी गुडघ्यांबद्दल विचारलं होतं. या वेळी जवळपास प्रत्येक पत्रात घाम आहे. त्यातली चार पत्रं इथे घेते.

प्रश्न : मी ३९ वर्षांची, माहेर नागपूरचं, आता डोंबिवलीत असते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफ धावणार आहे. फेब्रुवारीत १० किलोमीटर ६५ मिनिटांत सहज व्हायचे. आता पहाटे साडेपाचला, ऊन नसतानाही ७३ मिनिटं लागतात आणि हार्ट रेट १७०च्या वर जातो. नागपुरात तर मी मे महिन्यातल्या पहाटेही धावले आहे. इतक्या महिन्यांची मेहनत वाया गेली का?

उत्तर : अजिबात नाही. तुमच्या पायांत तीच ताकद आहे, फक्त शरीराला आता दोन कामं एकदम करावी लागताहेत. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होतो. ती बाहेर टाकण्यासाठी हृदयाला पायांबरोबर त्वचेलाही भरपूर रक्त पुरवावं लागतं. त्यात घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत जातं. मग तोच वेग राखायला ठोके वाढतात.

पण खरी मेख हवेतल्या वाफेत आहे. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून टपकून रस्त्यावर पडला, तर जवळजवळ काहीच नेत नाही. जुलैत गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत नाहीत, तसंच हे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम दिसायच्या आत वाळतो, म्हणून तिथली पहाट सोसली. डोंबिवलीत तुम्ही खाडीच्या हवेत धावताय.

आणि पहाटेबद्दल एक गैरसमज काढून टाका. ऑक्टोबरात पहाटे २५ अंश आणि आर्द्रता ९४ टक्के, दुपारी ३४ अंश आणि ५५ टक्के असं मोबाइलवर दिसलं, की लोकांना वाटतं दुपारी हवा कोरडी झाली. हिशेब केला तर दोन्ही वेळी हवेतली वाफ जवळजवळ सारखीच निघते. म्हणून मी आर्द्रतेच्या टक्क्यांऐवजी दवबिंदू पाहते, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते; हवेत वाफ जितकी जास्त, तितका तो वर. हवामानाच्या बऱ्याच ॲपमध्ये तो असतो. वर दिलेल्या दोन्ही वेळी तो २४ अंशांच्या आसपास येतो. तेवढा दवबिंदू असला, की वेगाचा विचार सोडून द्यायचा. पहाटच बरी, कारण डोक्यावर ऊन नसतं. पण पहाट आहे म्हणून घाम वाळेल, असं धरून चालू नका. कतारमधल्या दोहाला २०१९च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती. तापमान ३२ अंशांच्या आसपास, आर्द्रता ७० टक्क्यांहून जास्त. ६८ जणी धावल्या, त्यातल्या २८ जणींना शर्यत पूर्ण करता आली नाही. त्या जगातल्या उत्तम धावपटू होत्या आणि सूर्य तर नव्हताच.

आता करायचं काय? शिवाजी पार्कच्या माझ्या गटात मी ऑक्टोबरभर घड्याळं पिशवीत ठेवायला लावते आणि धावता धावता सतराचा पाढा म्हणायला सांगते. ‘सतरा पाचे पंच्याऐंशी’पर्यंत धाप न लागता पोहोचलात, तर वेग बरोबर. मध्येच श्वास तुटला तर हळू व्हा, गरज पडली तर चाला. सलग दहा ते चौदा दिवस या हवेत बेताने धावलं, की शरीर बदलतं : रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण सवय झाली तरी हवा दमटच राहते, त्यामुळे फेब्रुवारीची वेळ आत्ता मागू नका. वेगाचा सराव करायचाच असेल, तर आठवड्यातून एकदा पंखा लावून ट्रेडमिलवर करा. लाँग रन घराजवळच्या छोट्या फेऱ्यांमध्ये करा, म्हणजे पाणी हाताशी राहील आणि त्रास झाला तर घर जवळ असेल.

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. चिपळूणजवळ आमचं गाव. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करतोय. भरदुपारी अंगात रेनकोट घालून धावतो. म्हणतो, घाम गाळला की वजन उतरतं आणि दम वाढतो. परवा मैदानावर भेलकांडला, काहीतरी असंबद्ध बोलत होता. मित्रांनी कांदा हुंगवला. ताई, हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण अशी मुलं प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर आहेत आणि त्यांची मला फार काळजी वाटते.

रेनकोटच्या आत घाम वाळू शकत नाही, म्हणजे शरीर थंड करायचा मुख्य रस्ताच बंद. जे वजन उतरतं ते पाण्याचं असतं, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. दम त्याने वाढत नाही. तो वाढतो सकाळी गारव्यात ४०० मीटरच्या फेऱ्या मारून आणि प्रत्येक फेरीनंतर पुरती विश्रांती घेऊन.

परवाचा प्रसंग साधा थकवा समजू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. धावताना माणूस भेलकांडला, चिडला, असंबद्ध बोलू लागला, कुठे आहे ते त्याला सांगता येईना, तर उष्माघातच धरून चालायचं. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हे खरं नाही. धावणाऱ्याच्या उष्माघातात अंग बहुतेकदा घामाने भिजलेलंच असतं. अशा वेळी कांदा हुंगवण्यात मिनिटं घालवू नयेत. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला थंड करत राहा. बर्फाच्या पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवणं सगळ्यात चांगलं, एकाने डोकं धरून ठेवायचं. ते नसेल तर सावलीत निजवून बोअरच्या पाण्याचा पाइप सगळ्या अंगावर सोडा, ओल्या चादरीने वारा घाला, मानेशी, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्धीचा भरवसा नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती लवकर थंड होतं, यावर फार काही अवलंबून असतं.

त्याच्या मित्रांनाही हे वाचून दाखवा. मैदानावर एकट्याने धावू नये, हेही सांगा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मुलाने धावू नये, मग भरती कितीही जवळ आलेली असो.

प्रश्न : वय ६३, पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर रोज पाऊण तास हळू धावतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगी म्हणते, निघण्यापूर्वी लिटरभर पाणी प्या, त्यात मीठ घाला. ऐकू का?

उत्तर : मुलीची माया खरी, पण लिटरभर नको. पाऊण तासाला निघताना पेलाभर आणि परतल्यावर तहानेपुरतं पाणी बहुतेकांना पुरतं. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांत सोडियम कमी निघालं. ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं, त्यांना हा धोका जास्त होता. तुमचं प्रमाण काढायचं असेल, तर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून काट्यावर उभे राहा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. परतल्यावर वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी जास्त झालं.

मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नका. काही रक्तदाबाच्या गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात, काही ठोके वाढू देत नाहीत. दुसऱ्या प्रकारची गोळी असेल तर घड्याळातला हार्ट रेट तुमचे श्रम कमी दाखवेल. गोळीचं नाव घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘मी उकाड्यात धावतो’ हे आपणहून सांगा, ते बहुधा विचारणार नाहीत. सोलकढी जरूर प्या, घरची, कमी मिठाची.

प्रश्न : मांड्या घासून सोलवटतात. पावडर लावली तर चिखल होतो. (ठाणे)

उत्तर : पावडर सोडा. निघण्यापूर्वी व्हॅसलिन लावा, खोबरेल तेल लवकर उतरतं. सुती चड्डी घाम धरून ठेवते, तिच्याऐवजी मांडीला चिकटून बसणारी, लवकर वाळणारी सिंथेटिक शॉर्ट वापरा, काखेतही व्हॅसलिन लावा. आल्याबरोबर ओले कपडे उतरवून अंघोळ करा. सोललेल्या जागी लाल चट्टा पसरून खाज सुटली तर ती बुरशी असू शकते. मग दुकानातून स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.