रात्री बाहेर लाइट पेंटिंग करताना पोर्ट्रेटमधला चेहरा हलल्यासारखा का येतो?

लाइट पेंटिंगमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवून हलत्या दिव्याने चित्रात रेघा ओढताना, चेहरा जरासा हलला तरी ते नोंदले जाते. चेहरा फ्लॅशने टिपा आणि प्रकाशाच्या रेघा त्यानंतर ओढा, म्हणजे तो हललेला येणार नाही. शटर १५ सेकंद उघडे असले तरी फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरताच असतो. चेहरा तेवढ्यातच नोंदला जातो. नंतर अंधारात पापणी लवली किंवा श्वासाने खांदे हलले तरी ते दिसत नाही. छायाचित्रकार ग्यॉन मिली यांनी १९४९ मध्ये हवेत प्रकाशाने चित्रे काढणारा पिकासो टिपला, तोही शटर उघडे ठेवून आणि फ्लॅश वापरूनच; फक्त तिथे खोली अंधारी होती.

सुरुवातीला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ आणि शटर १५ सेकंद ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर हवाच.

- टॉर्चच्या उजेडात डोळ्यांवर फोकस करून लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. हे विसरले की पुढची सगळी मेहनत वाया.
- रेघा ओढणाऱ्याने गडद कपडे घालावेत, मॉडेलच्या मागे राहून सतत हलत राहावे आणि दिव्याचा उजेड स्वतःच्या अंगावर पडू देऊ नये.

मात्र मागे रस्त्यावरचे दिवे किंवा उजळ आकाश असेल, तर फ्लॅशनंतरही मॉडेलला स्थिर राहावेच लागते. ती हलली की मागचा उजेड चेहऱ्याच्या कडांतून आरपार दिसू लागतो. अशा वेळी मॉडेलला बसवा किंवा झाडाच्या खोडाला टेकवून उभे करा. मागे काळोख असलेली जागा मिळाली तर उत्तमच.