चारचौघांत लघवी होत नाही, यावर उपाय आहे का?

तुम्ही लिहिलंय की घरी काहीच त्रास नाही, पण कॉलेजच्या मुतारीत शेजारी कोणी येऊन उभं राहिलं की लघवी सुरूच होत नाही. म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही आणि संध्याकाळी नाशिक रोडला घरी पोहोचेपर्यंत दाबून धरता. उपाय आहे. मी ३५ वर्षांचा आहे, अंबडला कारखान्यात काम करतो, आणि अकरावीपासून १४ वर्षं मी असाच जगलो.

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. मित्रांबरोबर त्र्यंबकला जायचं टाळायचो, सख्ख्या मामेबहिणीच्या लग्नातून जेवण न करता परतलो. एका नोकरीच्या मेडिकलला हातात लघवीची बाटली दिली. दाराबाहेर तीन जण थांबलेले, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. ओटीपोट दगडासारखं झालेलं, पण थेंब नाही. मग कोणीतरी दार वाजवलं, "झालं का हो?" मी "पाणी पिऊन येतो" म्हणून बाहेर पडलो तो थेट सातपूरच्या बसमध्ये बसलो. आईला सांगितलं, जागा भरली होती. हे खोटं मला फार दिवस टोचलं.

याला पॅरुरेसिस म्हणतात. हा शब्द विल्यम्स आणि डेगनहार्ट यांनी १९५४ साली वापरला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची जी रोगनिदानाची नियमावली आहे, तिच्यात याचा उल्लेख सोशल अँक्झायटी, म्हणजे चारचौघांत वाटणारी भीती, या आजाराखाली येतो. म्हणजे डॉक्टरांना हे नवीन नाही, तुम्ही एकटे नाही. भीती वाटली की शरीर सावध होतं आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळला जातो. हा स्नायू आपल्या हुकमात नाही. म्हणून "हो, हो, आता होऊ दे" असं मनात म्हणत जोर लावला की तो आणखी घट्ट होतो. तुमच्या मर्दानगीचा किंवा मनाच्या कमकुवतपणाचा इथे काडीचा संबंध नाही. मला हे कोणी १७ व्या वर्षी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आधी एकदा युरॉलॉजिस्टकडे जाऊन या. सोनोग्राफीत लघवीनंतर मूत्राशयात किती उरते ते कळतं आणि दुसरं काही दुखणं नाही याची खात्री होते. आणि कधी घरीही अजिबात होत नसेल, पोट फुगून दुखत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

तुम्ही वर्कशॉपबद्दल विचारलंय. अमेरिकेत १९९६ पासून इंटरनॅशनल पॅरुरेसिस असोसिएशन नावाची संस्था आहे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये हाच त्रास असलेली माणसं शनिवार-रविवार एकत्र येतात, आपापली गोष्ट सांगतात आणि मग जोडीने सराव करतात. मला तिकडे जाणं शक्यच नव्हतं. पण पद्धत समजून घेतली, गंगापूर रोडवरच्या एका समुपदेशक बाईंना सगळं सांगितलं, आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या विश्वासातलं कोण आहे?"

मावसभाऊ होता. त्याला सांगायला मला तीन आठवडे लागले. गोदाघाटावर पायरीवर बसलो होतो, पाण्याकडे बघत बोललो, त्याच्याकडे बघून बोलवेना. तो हसला नाही. म्हणाला, "एवढंच ना? मग रविवारी ये घरी."

रविवारी घरचे लोक पंचवटीत गेले होते. मी तासाभरात चार ग्लास पाणी प्यायलो, कारण चांगली लागलेली असेल तरच सरावाला अर्थ आहे. पहिल्यांदा तो खाली गाडीपाशी थांबला. झाली. पण पूर्ण करायची नाही, तीनेक सेकंद धार सुरू झाली की थांबवून बाहेर यायचं, तीन मिनिटं थांबून पुन्हा आत. असं केल्याने एका भरलेल्या मूत्राशयावर पाच-सहा वेळा सराव होतो. मग तो जिन्यात आला, मग हॉलमध्ये, मग दारापासून चार फरशांवर. चौथ्या फरशीवर माझी अडली. दोन-तीन मिनिटं वाट बघून बाहेर आलो आणि त्याला पुन्हा हॉलमध्ये पाठवलं. झाली. त्या दिवशी मला समजलं की अडली तर तिथेच लढत बसायचं नाही, एक पायरी मागे यायचं. दारापाशी यायला त्याला पाच रविवार लागले.

नंतर मॉलमधलं बंद दाराचं शौचालय, दुपारी गर्दी नसताना. मग तो शेजारच्याच शौचालयात. उघड्या मुतारीत आधी कोपऱ्यातली जागा, मध्ये दोन जागा सोडून तो, मग एक सोडून. महामार्ग बसस्थानकावर संध्याकाळच्या गर्दीत व्हायला मला अकरा महिने लागले.

श्वास रोखण्याची एक रीतही आहे: पाऊण श्वास सोडायचा आणि तिथेच पाऊण मिनिटाच्या आसपास थांबायचं, की खालचे स्नायू आपोआप सैल पडतात. ती आधी घरी एकटं असताना शिका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मला ती निम्म्या वेळा उपयोगी पडते.

पाणी मात्र आजपासून प्या. उन्हाळ्यात दिवसभर कोरडं राहून मला मूतखडा झाला होता, ती कळ तुमच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

अजूनही कधी कधी अडते. गेल्या महिन्यात इगतपुरीजवळच्या ढाब्यावर अडली, मागे रांग होती. मी बाहेर आलो, चहा घेतला, दहा मिनिटांनी पुन्हा गेलो आणि झाली. पूर्वी मी तिथून घरापर्यंत दात आवळून बसलो असतो.

विश्वासातलं कोणीच नसेल तर इथे मला निरोप टाका. रविवारी मी मोकळा असतो, बाहेर उभं राहायला येईन.