तारण विश्वासाने मिळतं, तर पट्टीतल्या अर्ध्या किलोने काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहात. काट्यावर रवा, म्हणजे गुळाची ढेप, साडेएकोणतीस किलो भरला तरी मालक पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदात, एकोणतीस लिहायला लावतात. मंडळीतले, म्हणजे तुमच्या चर्चमधले, एक जण म्हणाले, "तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका." मला हे अजिबात पटत नाही.

तारण कृपेनेच आहे, त्यात वाद नाही. पण बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी-नववी ओवी, तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, ही आपल्याला तोंडपाठ असते आणि दहावीपर्यंत आपण जातच नाही. सत्कृत्यांसाठीच देवाने आपल्याला घडवलं, असं तिथं लागलीच म्हटलंय.

लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय बघा, लूकच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय. येशू आधी त्याच्या घरी गेला, म्हणजे कृपा आधी. मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे चूक कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा दिला की भागत होतं. चौपट ही मेंढरू चोरून विकणाऱ्याला शिक्षा. ती त्याने आपणहून ओढवून घेतली. कुणी हिशेब मागितला नव्हता.

आता तुमचा अर्धा किलो. शंभर रव्यांमागे पन्नास किलो होतात. ते त्या शेतकऱ्याचे, ज्याने गुळाच्या चुलवाणापुढं, म्हणजे रस आटवायच्या भट्टीपुढं, रात्री काढल्यात आणि जो ती पट्टी घडी घालून खिशात ठेवून गावी जातो. तुमच्या अक्षरावर त्याचा विश्वास आहे.

काही जण सांगतील, आपल्या ख्रिस्ती समाजाचं नाव राखा. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले तेव्हापासून शाळा-दवाखान्यांनी कमावलेली पत आहे. पत आहेच, पण हे कारण मला अपुरं वाटतं. नावासाठी खरं बोलणारा, कुणी बघत नसेल तिथं खोटं लिहील. शेतकऱ्याचं त्याला मिळावं, एवढं कारण पुरेसं आहे.

नोकरीची भीती मात्र मी हलकी मानणार नाही. घरभाडं, मुलांची फी, सगळं त्या पगारावर. म्हणून एकट्याने जाऊ नका. यरुशलेमच्या गरिबांची वर्गणी पोहोचवताना प्रेषित पौलानेसुद्धा, कुणी बोट ठेवू नये म्हणून, सोबत इतर भाऊ घेतले होते. तुमच्या पाळकांना आणि वडीलमंडळाला आधी सगळं सांगा. उद्या काम सुटलं तर दुसरं मिळेपर्यंत घर चालवायला मदत कराल का, हेही स्पष्ट विचारा. व्यासपीठावरून प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या मंडळीने एवढा भार उचललाच पाहिजे.

मग मालकांना दुकान रिकामं असताना, चारचौघांत नव्हे, सांगा: "मालक, तुमचं मीठ खाल्लंय, कामात कसूर करणार नाही. पण काट्यावर येईल तेच वजन लिहीन."