कोकणात घरी केलेला पाव चिकट, आंबूस आणि आतून ओला का होतो?

तुमच्या प्रश्नात चार तक्रारी आहेत. सगळं मोजून घेतलं तरी मैदा परात सोडत नाही. कृतीप्रमाणे दीड तास फुगवला तर पाव आंबूस लागतो. भाजल्यावर वरून फिकट आणि आतून चिकट राहतो. दुसऱ्या दिवशी त्याला चमत्कारिक वास येतो. गाव गुहागर, महिना जुलै, ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) लहान. या चारांतल्या पहिल्या दोन आणि तिसरीतला फिकटपणा यांचं मूळ एकच आहे: तुमचं पीठ गरम आहे.

नेटवरच्या बहुतेक कृती २१ ते २४ अंशांच्या स्वयंपाकघरात बेतलेल्या असतात. ‘यीस्ट कोमट पाण्यात फुलवा, पीठ उबदार जागी ठेवा’ हा सल्ला तिथे बरोबरच आहे. आपल्याकडे जुलैत स्वयंपाकघर २८-२९ अंशांवर असतं आणि मे महिन्यात ३२ च्या पुढे जातं. अशा हवेत कोमट पाणी घालणं म्हणजे आंबोळीचं पीठ भर उन्हात ठेवण्यासारखं आहे. पीठ वेगाने फुगतं, पुरेसा ताण धरण्याआधीच सैल पडतं आणि चिकटतं.

मळून झालेलं पीठ २६ अंशांवर यायला हवं. त्यासाठी पाणी किती गार घ्यायचं याचा बेकरीवाल्यांचा साधा हिशेब आहे. २६ ला ३ ने गुणा, ७८ आले. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि हाताने मळताना वाढणारे साधारण ३ अंश वजा करा. जुलैत ७८ वजा (२९ + २९ + ३), म्हणजे पाणी १७ अंशांचं हवं. मेमध्ये ३२ धरले तर ११ अंशांचं. थर्मामीटर नसेल तर जुलैत विहिरीचं आणि फ्रीजमधलं पाणी निम्मं-निम्मं घ्या, मेमध्ये चार वाट्या फ्रीजचं आणि एक वाटी विहिरीचं. दूधही फ्रीजमधूनच काढा. बारीक दाण्याचं इन्स्टंट यीस्ट वापरत असाल तर ते गार पाण्यात टाकू नका, सरळ कोरड्या मैद्यात मिसळा. गार पाण्यात थेट पडलं तर यीस्टच्या पेशींतले काही घटक बाहेर झिरपतात आणि पीठ आणखी ढिलं पडतं.

१२ पावांच्या लादीचं माप असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी २५० ग्रॅम, दूध ६० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम (सपाट एक छोटा चमचा), लोणी किंवा तेल ३० ग्रॅम. पाणीसुद्धा काट्यावरच मोजा. वाटीने मैदा मोजत असाल तर पहिला खर्च डिजिटल काट्यावर करा, भारी ओव्हनवर नंतर. दाबून भरलेली वाटी आणि चाळून भरलेली वाटी यांत सहज २५-३० ग्रॅमचा फरक पडतो आणि तेवढा फरक पाव बिघडवायला पुरतो. नेटवर ५०० ग्रॅम मैद्याला ७ ग्रॅम यीस्ट सर्रास दिलेलं असतं. इथे त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं.

पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा ओढतो. डब्यातला मैदा दिसायला तोच असला तरी त्यात पाणी आधीच मुरलेलं असतं. म्हणून २५० पैकी २० ग्रॅम पाणी बाजूला ठेवा आणि पीठ मागेल तरच घाला. मिठालाही पाणी सुटतं. ओलं मीठ चमच्याने मोजलं तर कमी-जास्त होतं, तेही वजनानेच घ्या. मीठ कमी पडलं की पाव नुसता अळणी होत नाही. यीस्टला आवर राहत नाही आणि पीठ चिकट होतं. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तसं असेल तर पावासाठी दुसरं पाणी घ्या.

मैदा निवडताना पाकिटामागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं १० ग्रॅम किंवा त्याहून जास्त हवीत. सुटा मैदा शंकरपाळ्यांना चालतो, पावाला त्याचा भरवसा नाही.

आता मळणं. लोणी सोडून सगळं एकत्र करा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की झाकून २० मिनिटं ठेवा. या वीस मिनिटांत पीठ आपणहून निम्मं मळलं जातं. तरीही ते परातीला चिकटेल. इथेच बहुतेक जण मूठभर मैदा टाकतात आणि पावाचा दगड होतो. मैदा घालू नका, हाताला थेंबभर तेल लावा. ओट्यावर आपटून, दुमडून, पुन्हा आपटून १० ते १२ मिनिटं मळा. अर्ध्या वाटेवर मऊ लोणी घाला. लोणी पडताच पीठ पुन्हा फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, दोन-तीन मिनिटांत ते जुळून येतं. झालं की नाही हे पाहायला लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी ताणा. उजेड आरपार दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता ताणला गेला पाहिजे. मळताना पीठ हाताला कोमट लागायला लागलं तर झाकून १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग पुढे चला.

पहिल्या फुगवणीला घड्याळ लावू नका. सरळ उभ्या कडांच्या स्टीलच्या डब्यात पीठ ठेवा, बाहेरून त्याच्या उंचीवर रबर लावा आणि त्याच्या दुप्पट उंचीला दुसरं. दुसऱ्या रबराला पीठ लागलं की फुगवणी संपली. वरच्या मापाला जुलैत त्याला साधारण एक ते सव्वा तास लागतो, मेमध्ये पाऊण तासही पुरू शकतो. तुम्ही दुप्पट यीस्ट आणि कोमट पाणी घालून दीड तास थांबलात, तिथेच पाव आंबला. फिकटपणाचं कारणही तेच आहे. यीस्टने सगळी साखर खाल्ली की कवचाला रंग यायला काही उरत नाही. अति फुगलेला पाव कितीही वेळ भाजा, तो पांढरटच राहतो आणि मध्ये बसतो.

दिवसभर लक्ष ठेवणं जमत नसेल तर यीस्ट २ ग्रॅम करा, रात्री मळून डबा लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि १० ते १२ तासांनी गोळे वळा. इथल्या हवेला हाच प्रकार मला सगळ्यात सोयीचा वाटतो. चवही सुधारते आणि गार पीठ हाताला चिकटत नाही.

वरच्या मापात ७३ ग्रॅमचे १२ गोळे होतात. हवा दाबून काढा, गोळा ओट्यावर हाताच्या पोकळीत गोल फिरवा, म्हणजे वरची त्वचा ताणली जाते. साधारण २६ × २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये बोटभर अंतराने ४ × ३ मांडा. अंतर जास्त ठेवलंत तर पाव आडवे पसरतील, उंच होणार नाहीत. दुसरी फुगवणी ४० ते ५० मिनिटांची. बोट हलकेच दाबून पाहा: खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा, सावकाश अर्धवट भरला तर लगेच ओव्हनमध्ये घाला, अजिबात भरला नाही तर उशीर झाला. उशीर झाला असेल तर भाजू नका. पुन्हा गोळे वळा आणि २५ मिनिटांनी परत बोट लावून पाहा.

आता ओटीजी. आतून चिकट राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नसतं, भिंती आणि ट्रे तापायला २० मिनिटं लागतात. शिवाय गावाकडे संध्याकाळी विजेचा दाब पडतो. २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर कॉइलची ताकद सरळ पाऊणपटीवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. बटण १९० वर असलं तरी आत १६० असू शकतं. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, आणि जमलं तर दुपारी भाजा. खरे १९० अंश असतील तर खालच्या-वरच्या दोन्ही कॉइलवर १८ ते २० मिनिटांत लादी होते. मधल्या पावाच्या पोटात सुई-थर्मामीटर खुपसला तर ९३ ते ९५ अंश दिसले पाहिजेत. त्याखाली असेल तर वरून कितीही तांबूस दिसो, आत कच्चा आहे. वर फार लवकर रंग आला तर फॉइल टाका. आणि गरम पाव मोडू नका. आतली वाफ बसायला अर्धा तास तरी लागतो, त्याआधी मोडलेला नीट भाजलेला पावही चिकट लागतो.

भाजायच्या ऐन वेळी वीज गेली, आणि जुलैत ती जातेच, तर टिन झाकून फ्रीजमध्ये सरकवा. फ्रीज बंद असला तरी दार न उघडता दोन-तीन तास आत गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ गेली तर जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर वाळू किंवा जाड मीठ पसरा, त्यावर तिवई ठेवा, झाकून मध्यम आचेवर १५ मिनिटं तापवा आणि लहान टिन आत ठेवा. पाव शिजतो, पण वर रंग येत नाही. त्याला उपाय आपल्याकडे जुनाच आहे. धोंडसाला (काकडीच्या केकला) ठेवतात तसे जाड झाकणावर करवंटीचे निखारे ठेवायचे.

लादी बाहेर काढल्यावर लगेच वर लोणी फिरवा, दहा मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर ठेवा आणि सुती फडकं टाका. टिनमध्येच राहिली तर तळाला पाणी सुटतं.

उरला दुसऱ्या दिवशीचा वास. बुरशी असेल तर ठिपके दिसतात आणि तिला सहसा दोन-तीन दिवस लागतात. पण ठिपके नाहीत, वास मात्र उतरलेल्या अननसासारखा गोडसर आहे आणि पाव मोडल्यावर आत कोळिष्टकासारखे चिकट धागे ओढले जातात, असं असेल तर तो पिठातल्या बॅसिलस जातीच्या जिवाणूंचा प्रताप आहे. त्यांचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत, आणि उष्ण-दमट हवेत एका दिवसात पाव बिघडवतात. असा पाव टाकून द्या, गुरांनाही घालू नका. परात, टिन, ओटा साबणाने धुऊन व्हिनेगरने पुसा, मैद्याचा डबा रिकामा करून उन्हात वाळवा. पुढच्या पिठात ५०० ग्रॅमला एक छोटा चमचा व्हिनेगर घाला, चवीला कळत नाही. गव्हाच्या पिठात हा त्रास जास्त होतो, कारण बीजाणू कोंड्याबरोबर येतात. म्हणून आधी मैद्यावर हात बसवा, मग ३० टक्क्यांपर्यंत कणीक घाला, आणि तेव्हा पाणी थोडं वाढवा. नाचणी घालायची हौस असेल तर १५ टक्क्यांवर थांबा, तिच्यात पिठाला ताण देणारं ग्लुटेन नसतं.

जुन्या बेकऱ्यांत माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, पीठ फुगवायचे, तसं करून बघू का, असंही तुम्ही विचारलंय. सूर तासातासाला चढत जाते, सकाळची आणि दुपारची सारखी नसते. यीस्टवर चार लाद्या धड उतरल्या की मग बघा. कडक कवचाचे उंडेही तोवर बाजूला ठेवा, त्यांना लाकडाच्या भट्टीची धग लागते आणि ती लहान ओटीजीत येत नाही.

पाव फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा आणि भुसभुशीत होतो. त्या दिवशी संपणार नसेल तर पूर्ण गार झाल्यावर पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाका. खायच्या वेळी तसाच गोठलेला तव्यावर ठेवा, कडेला चमचाभर पाणी शिंपडा आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटं झाकण ठेवा.