वाचकांचे प्रश्न : रात्रीच्या जेवणानंतर कोणते पुस्तक उघडावे?

प्रश्न : रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास सर्वांनी एकत्र बसून वाचायचे, असे आमच्या घरी ठरले आहे. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांना स्वतः वाचता येत नाही. मुलगा नववीत, मुलगी चौथीत, आणि यजमान वर्तमानपत्राखेरीज काही वाचत नाहीत. ‘श्यामची आई’ वाचून झाली. प्रत्येक यादीत असतात तीच पुस्तके आता नकोत. सर्वांना चालतील, पण फारशी चर्चेत नसलेली पुस्तके सुचवावीत.
— एक वाचिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ‘सर्वांना चालतील’ या शब्दांपाशी मी जरा अडखळलो. सर्वांना सारखेच चालणारे पुस्तक शोधू गेले की हाती बहुधा मिळमिळीत बोधकथा लागतात, आणि त्यांतला बोध चौथीतल्या मुलीलाही दोन पाने आधीच दिसतो. घरात मोठ्याने वाचायचे पुस्तक असे असावे, की ते ऐकताना कोणीतरी ‘थांब, आमच्याकडे हे असे नव्हते’ म्हणून मध्येच बोलावे. हीच कसोटी लावून मी पुढची नावे देत आहे.

पहिले नाव सासूबाईंसाठी. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्याच तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली, हे आपल्याला ठाऊक असेल. त्याच गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक सिद्ध केले, आणि ते मात्र फार थोड्या घरांत दिसते. माहेर, सासर, भाऊबहीण, लेकरू अशा विषयांवरच्या ओव्या आणि त्यांच्या जोडीला गुरुजींचे विवेचन, असे त्याचे स्वरूप आहे. हे पुस्तक सलग वाचू नये. सलग वाचल्यास ते कंटाळवाणे होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका रात्री चार-पाच ओव्या वाचाव्यात आणि थांबावे. सासूबाईंनी स्वतः जाते फारसे ओढले नसेलही, पण आईच्या किंवा आजीच्या ओव्या त्यांच्या कानांवर नक्की पडल्या असतील, आणि छापील ओवी ऐकताच ‘आमच्याकडे दुसरी ओळ निराळी होती’ असे त्या म्हणतील. ती निराळी ओळ मुलीने वहीत उतरवून घ्यावी. ओवीला पाठभेद असणारच. गावागणिक एखादा शब्द बदलतो, नदीचे नाव बदलते, देव बदलतो. पुस्तक संपेल तेव्हा त्या वहीचीही बरीच पाने भरलेली असतील, आणि ज्यांना वाचता येत नाही त्याच आपल्या घरातल्या मुख्य वाचक ठरलेल्या असतील.

यजमान वर्तमानपत्रच वाचतात, तर त्यांच्या हाती बातमीदाराचेच पुस्तक द्यावे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. लुटले गेले, उपाशी राहिले, आणि तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. हा सारा वृत्तांत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले होते. पुढे दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती तयार केली. मिळाल्यास तीच घ्यावी, कारण भटजींच्या बोलण्यातला अस्सल कोकणी ब्राह्मणी ठसका तीत टिकून आहे. नववीतल्या मुलाला हे पुस्तक इतिहासाच्या धड्यापेक्षा फार वेगळे वाटेल: येथे लढाई चालू असताना एका भिक्षुकाला दुपारच्या जेवणाची आणि कमरेला बांधलेल्या पैशांची चिंता पडलेली असते. एक सूचना मात्र करतो. झाशीतील कत्तलीची वर्णने आणि इतर काही प्रसंग चौथीच्या मुलीसमोर वाचण्याजोगे नाहीत. त्या दिवसाची पाने आपण आधी चाळून ठेवावीत.

आपल्यासाठी रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०). अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला नवरा लिहायला शिकवतो आणि घरातल्या बायका तिला त्यासाठी टोमणे मारतात. दोघांपैकी कोणालाही न दुखावता तिने वाट कशी काढली, हे वाचताना आपल्या घरच्या तीन पिढ्यांच्या बायका एकाच वेळी बोलू लागतील, असा माझा अंदाज आहे. रमाबाईंचे यजमान न्यायमूर्ती रानडे यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली होती, त्यामुळे या संसारातले काही दिवस आपल्या गावचेही आहेत. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तील त्याच नावाचा लेख दहा मिनिटांत वाचून होतो, एखाद्या रात्री पाहुणे असतील तर तो घ्यावा.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमात शिकतो. मराठी उत्तम बोलतो, पण वाचताना जोडाक्षरापाशी अडतो आणि पुस्तक मिटतो. काय द्यावे?
— एक आजोबा, सिन्नर

उत्तर : आधी कविता द्यावी. यमकामुळे पुढचा शब्द मुलाला अर्धा ठाऊक झालेला असतो, म्हणून तो अडखळत नाही. विंदा करंदीकर यांना त्यांच्या प्रौढ कवितेसाठी आपण ओळखतो, पण ‘राणीची बाग’, ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’ हे त्यांचे बालकवितासंग्रह आज किती घरांत आहेत? त्यांतला खट्याळपणा आजोबांनाही पुरतो. एक ओळ आपण वाचावी, एक नातवाने. जोडाक्षर चुकले तर लगेच सुधारू नये. पुढच्या फेरीत ती ओळ आपल्याकडे येईल असे पाहावे आणि स्वच्छ उच्चारून दाखवावी.

गद्याकडे वळताना माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ ही पुस्तके घ्यावीत. त्यांत राजपुत्र नाहीत, घरातलीच माणसे आहेत आणि वाक्ये बोलण्यातली आहेत. दोन वर्षांनी त्यांनीच संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चे बालगटाचे भाग द्यावेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. आपल्या मुलाच्या, म्हणजे नातवाच्या वडिलांच्या लहानपणीचा एखादा अंक काढून दाखवावा. जाहिराती आणि चित्रे पाहण्यातच एक संध्याकाळ जाईल.

प्रश्न : आमचे शेत नांदूर मध्यमेश्वरपासून जवळ आहे. मुले पक्षी ओळखतात. त्यांच्यासाठी निसर्गावरची, पण माहितीपुस्तकासारखी नसलेली पुस्तके सांगावीत.
— एक शेतकरी वाचक, निफाड तालुका

उत्तर : महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ज्यांच्या शेजारी आहे त्यांना मी काय सांगणार! तरीही मारुती चितमपल्ली यांचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ घरात असावे. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) चैत्रापासून महिन्यामहिन्याने लिहिलेले आहे. ते तसेच वाचावे, ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात, आणि लेखात लिहिलेले आपल्या बांधावर दिसते का ते मुलांनी पाहावे. भाषा जड आहे, म्हणून मोठ्यांनी वाचून दाखवणे बरे. मोठ्या मुलांसाठी व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘सत्तांतर’. त्यांची ‘बनगरवाडी’ सर्वांना माहीत असते, पण साहित्य अकादमी पुरस्कार मिळूनही वानरांच्या टोळ्यांवरची ही छोटी कादंबरी मागे राहिली. नव्या हुप्प्याने टोळी काबीज केली की पिलांचे काय होते, हे लेखकाने लपवलेले नाही. तेरा-चौदा वर्षांच्या आत देऊ नये.

प्रश्न : आपण सुचवता ती पुस्तके दुकानात मिळत नाहीत.
— अनेक वाचक

उत्तर : तक्रार खरी आहे. नाशिककरांना मात्र ती थोडी कमी शोभते, कारण आपले सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते. सोसायटीतल्या काही कुटुंबांनी मिळून तिच्यासाठी विचारणा करावी. शिवाय भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे साने गुरुजी, रमाबाई आणि गोडसे भटजी यांचे लेखन कोणालाही छापता येते, आणि गुरुजींची बरीच पुस्तके मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर वाचताही येतात. याच कारणाने बाजारात स्वस्त आवृत्त्या पुष्कळ आहेत. त्या घेताना मुखपृष्ठाच्या आत कोपऱ्यात ‘संक्षिप्त’ असा शब्द छापलेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे.