पाटे वाढवले, आरसीवरचं वजन तेच

प्रश्न: पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर (प्रवासात राहण्याची खोली) वेल्ड करून बसवला. गाडी मागून बसू लागली म्हणून गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) टाकले. 'आता तीनशे किलो जास्त चालेल,' असा मेसेजही त्याने पाठवला. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर तपासणीत वजन 3,240 किलो भरलं. आरसीवर 2,990 आहे. ओव्हरलोड आणि बेकायदा बदल, दोन्हींची चलनं आली. काय करू? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: एकूण वजनाची मर्यादा ठरवताना ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर, चासी असं सगळंच धरलेलं असतं. पाट्यांनी गाडी उंच राहते. कायद्याने क्षमता एक किलोही वाढत नाही.

ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20 हजार दंड आणि जादा टनाला 2 हजार. काट्याची पावती आणि त्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र मागा. त्यात खोट असेल तरच लढा, नाहीतर भरून मोकळे व्हा.

दुसऱ्या चलनात मात्र वाव आहे. कलम 52 मध्ये 'बदल' म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप पालटेल असा रचनेतला फेरफार. वेल्ड केलेला कॅम्पर त्यात सहज बसतो, पण नुसते पाटे बसत नाहीत असा युक्तिवाद करता येतो. कलम 182-अ(4) चा दंड दर बदलाला 5 हजार, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. म्हणून चलनात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. पाटे वेगळे मोजले असतील तर तेवढ्यापुरती लेखी हरकत घ्या.

पुढे गाडी वापरायची तर वेल्ड तोडून कॅम्पर टर्नबकलने (पिळून ताणायच्या आकड्याने) बांधा, म्हणजे तो सुटा माल आहे असं म्हणता येईल. मग माणसं, डिझेल, पाणी यांसकट काटा करा: आधी अख्खी गाडी, नंतर फक्त मागची चाकं. 100 लिटरची पाण्याची टाकी म्हणजे 100 किलो. 250 किलो कमी करावेच लागतील.

आणखी एक, आणि हे चलनापेक्षा गंभीर. अनेक पिकअपना मागच्या ॲक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हकडे जाणारा दांडा असतो. पाट्यांनी मागचा भाग उचलला की व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकला दाब कमी सोडतो. चोर्ल्याच्या उतारावर हे जिवावर बेतेल. तुमच्या गाडीला तो असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सेट करून घ्या, नाहीतर पाटे काढा.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. गॅरेजचं बिल आणि तो मेसेज जपून ठेवा, आधी नोटीस पाठवा. पैसे परत मिळाले नाहीत तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. बिल 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.