एडीएचडीच्या गोळीने मुलाचं लक्ष सुधारलं, पण बटणं लावणं, अक्षर, धडपडणं तसंच आहे. मोठा झाल्यावर सुटेल का?

तुमचा मुलगा 8 वर्षांचा आहे आणि घरचे ‘थांबा, सुटेल’ म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबू नका. आम्ही दोन वर्षं थांबलो आणि ती दोन वर्षं माझ्या लेकाने शाळेत ‘वेंधळा’ ऐकत काढली.

एडीएचडी असलेल्या साधारण निम्म्या मुलांना हातापायांचा मेळ बसवणं जड जातं. त्याला वेगळं नाव आहे, डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. गोळीने काहींचं अक्षर सुधारतं, पण हाताला कधी बसलीच नाही ती हालचाल गोळी शिकवत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा, कारण तिथे बोलणं लक्ष, झोप, भूक यांवरच संपतं.

मग ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी थेरपी. बॉलवर बसवणं, झोपाळा यांत मुलं रमतात, पण तेवढ्याने बटण लागेल असं नाही. जे जमत नाही, तेच काम शिकवणारी थेरपी बघा. या डिसऑर्डरबद्दलच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचाही भर त्यावरच आहे. कॅनडात तयार झालेल्या को-ऑप (CO-OP) या थेरपीच्या पद्धतीत तर युक्ती मुलानेच शोधायची असते.

आमचा लेक वरून बटणं लावायला जायचा. ओटीताईंनी एवढंच विचारलं, “तुला नीट दिसतं ते बटण कुठलं?” त्याने पोटावरचं दाखवलं. तेव्हापासून खालून वर. बटण काजातून अर्धं डोकावलं की दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून ओढायचं, हेही त्यालाच सुचलं. सराव रविवारी, नाश्त्यानंतर, गोळीचा असर असताना, बाबांचा मोठ्या बटणांचा कुर्ता मांडीवर घेऊन. शाळेच्या घाईत कधीच नाही. तीन आठवडे लागले.

सायकलचंही तसंच. “पुण्याचा मुलगा आणि सायकल येत नाही?” असं सोसायटीतले एक आजोबा त्याच्या तोंडावर म्हणाले होते, ते मला अजून लागतं. आम्ही पेडल काढली, सीट खाली घेतली आणि कोथरूडच्या आमच्या पार्किंगमध्ये त्याला नुसतं पायांनी ढकलत फिरू दिलं. तोल सापडल्यावर पेडल परत लावली.

शाळेशी मात्र आजच बोला. फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ किंवा छापील नोट्स मागा, आणि अक्षरासाठी तेच पान पुन्हा लिहायला लावू नका असं लेखी द्या.